एका बाजूचं दुखणं: कान-नाक-घशाच्या ओपीडीत नव्याने बसणाऱ्या डॉक्टरांसाठी

पहिल्या आठवड्यात या ओपीडीत बसलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरची तक्रार एकच असते: "मला आत काही दिसतच नाही." ती खरी असते. पोट हाताला लागतं, छाती स्टेथोस्कोपने ऐकता येते. आपल्या विषयातल्या सगळ्या जागा मात्र अरुंद, वळणदार, अंधाऱ्या वाटांच्या टोकाशी आहेत. मानुएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या शिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचं स्वरयंत्र हलताना पाहिलं. आज आपल्याकडे एंडोस्कोप आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत. तरी रोजचं निम्मं काम तेच आहे, उजेड आत न्यायचा आणि घाई न करता बघायचं.

हा लेख इंटर्न, नवे निवासी डॉक्टर आणि ज्यांच्याकडे कानदुखीचा पेशंट सगळ्यात आधी येतो अशा फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. औषधांचे डोस यात दिलेले नाहीत. ते तुमच्या वरिष्ठांना विचारून आणि विभागाच्या ठरलेल्या पद्धतीने द्या. पेशंटसमोर बसल्यावर काय, कोणत्या क्रमाने करायचं, आणि कुठे सावध व्हायचं, एवढंच मी सांगणार आहे.

पायरी १: आधी उजेड आणि बैठक

पेशंटला पाठ टेकून बसवू नका. थोडं पुढे सरकून, ताठ, आणि डोकं तुमच्या डोक्याच्या उंचीला येईल असं बसवा. तुमचे गुडघे त्याच्या गुडघ्यांच्या एका बाजूला असावेत, म्हणजे वाकावं लागत नाही. हेडलाइट असेल तर प्रश्न नाही. कपाळावरचा आरसा वापरत असाल तर त्याचं नाभीय अंतर साधारण २५ सेंटिमीटर असतं. तेवढ्या अंतरावर उजेड सगळ्यात धारदार पडतो. एक डोळा आरशाच्या छिद्रामागे हवा आणि दुसराही उघडाच हवा. नवखे एक डोळा मिटतात, खोली कळत नाही आणि मग हत्यार नको तिथे लागतं.

लहान मूल असेल तर खुर्चीवर एकटं बसवण्याचा हट्ट धरू नका. आई किंवा बाबांच्या मांडीवर आडवं बसवा. त्यांचा एक हात मुलाच्या दोन्ही हातांभोवती, दुसरा कपाळावर, मुलाचं डोकं त्यांच्या छातीला टेकलेलं, पाय त्यांच्या गुडघ्यांत धरलेले. ही पकड नीट समजावून सांगायला एक मिनिट लागतं. ते मिनिट द्या. अर्धवट धरलेल्या मुलाच्या कानात ऑटोस्कोप (कानात बघायचं दिव्याचं हत्यार) घालणं धोक्याचं आहे, आणि एकदा दुखवलेलं मूल पुढच्या वेळी तुम्हाला कानाजवळही येऊ देत नाही.

पायरी २: पहिला प्रश्न, "कोणत्या बाजूला?"

किती दिवस झाले, ताप आहे का, याआधी कधी झालं होतं का, हे सगळं विचाराच. पण बाजू आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला प्रश्न हाच आहे. सर्दी, ॲलर्जी, धूळ, धूर यांचा त्रास बहुधा दोन्ही बाजूंना होतो. आणि ज्या आजारांत उशीर महागात पडतो, ते बऱ्याचदा एका बाजूला सुरू होतात.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर नाकात काहीतरी अडकलंय असं धरूनच चाला. मोठ्या माणसाच्या एकाच कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर नाकाच्या मागचा भाग, म्हणजे नासाग्रसनी, एंडोस्कोपने बघितल्याशिवाय त्याला सोडू नका. तिथली गाठ मध्यकर्णाकडून नाकामागे उघडणारी नळी दाबते आणि पेशंटला नाकाची तक्रार कधीकधी नसतेही. एकाच कानात आवाज येतो आणि त्याच कानाने कमी ऐकू येतं, तर श्रवण-तोल मज्जातंतूवरची गाठ नाही ना, यासाठी एमआरआयचा विचार करावा लागतो. एक टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा ठळक मोठा, एकाच बाजूने नाक चोंदलेलं आणि अधूनमधून रक्त, खाली वाकलं की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखी धार (हे मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं): यातल्या कशालाही सर्दीची गोळी लिहून पुढचा पेशंट बोलावू नका. प्रत्येक एका बाजूची तक्रार गंभीर निघते असं नाही, बहुतेक साध्याच निघतात. पण साधी आहे हे बघून ठरवायचं, गृहीत धरायचं नाही.

पायरी ३: कान

आधी चांगला कान बघा. त्याची दोन कारणं आहेत: पेशंटला कळतं की दुखत नाही, आणि या माणसाचा निरोगी पडदा कसा दिसतो हे तुम्हाला कळतं. कानामागे जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे का, सूज आहे का, हे कान पुढे वाकवून पाहा. मग कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा हलकेच दाबा. तिथे दाबल्यावर किंवा पाळी हलवल्यावर पेशंट कळवळला तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीचं आहे.

मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढा, तान्ह्या बाळाचा खाली आणि मागे. नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा. केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी तिथेच असतात. आतला दोन तृतीयांश हाडाचा, आणि त्यावरची कातडी इतकी पातळ की ऑटोस्कोपचं टोक टेकलं तरी पेशंट दचकतो. काहींना तिथे स्पर्श होताच खोकला येतो, कारण व्हेगस मज्जातंतूची एक फांदी तिथे येते. ऑटोस्कोप पेनासारखा धरा आणि करंगळी पेशंटच्या गालावर टेकवून ठेवा. पेशंटने मान झटकली तर तुमचा हातही तिच्याबरोबर हलतो आणि टोक आत घुसत नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पडदा दिसला की क्रम ठरवून बघा: हातोडीच्या हाडाचा दांडा, मग प्रकाशाचा त्रिकोण (उजव्या कानात घड्याळातल्या पाचाच्या जागी, डाव्यात साताच्या), मग चारी कडा, आणि शेवटी वरचा छोटा सैल भाग, ज्याला आपण ॲटिक म्हणतो. नवखे डॉक्टर प्रकाशाचा त्रिकोण दिसला की समाधानाने बाहेर येतात. खरा धोका वर असतो. ॲटिकला चिकटलेली तपकिरी खपली हा मळ वाटतो, पण मळ तिथे तयारच होत नाही. त्या खपलीखाली कोलेस्टिॲटोमा असू शकतो: कातडी मध्यकर्णात शिरून तिथे साठत जाते आणि आजूबाजूचं हाड खात राहते. अशा कानातून थोडाच, पण फार घाण वासाचा पू येतो. दुखत नाही म्हणून पेशंट वर्षानुवर्षं थेंब घालत बसतो. चेहऱ्याचा मज्जातंतू, तोलाची नलिका आणि मेंदूचं आवरण हे सगळं तिथून काही मिलिमीटरवर आहे. यावर इलाज ऑपरेशनचाच. थेंबांनी फक्त वास कमी होतो. उलट पडद्याच्या मधोमध भोक आणि सर्दी झाली की भरपूर पातळ, बिनवासाचा स्राव, हा तुलनेने कमी धोक्याचा प्रकार. केसपेपरवर पडद्याचं चित्र काढा आणि भोक कुठे आहे ते दाखवा. नुसतं "कान वाहतो" लिहिलेल्या कागदाचा पुढच्या डॉक्टरला उपयोग नसतो.

वाहणारा कान आधी कोरडा करा. प्रोबच्या (बारीक धातूच्या काडीच्या) टोकावर कापूस सैल पिळून, तो टोकाच्या पुढे येईल असा, आणि दिसतंय तेवढ्याच खोलीपर्यंत. पुवाने भरलेल्या कानात घातलेले थेंब पुवावर तरंगतात, पडद्यापर्यंत पोचत नाहीत. पडद्याला भोक असेल किंवा पडदा दिसतच नसेल तर क्विनोलोन गटाचे थेंब निवडा. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी ॲमिनोग्लायकोसाइड आतल्या कानाला घातक ठरू शकतात.

नळीच ओली, सुजलेली आणि खाजणारी असेल तर ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढरा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात का ते पाहा. ती बुरशी असते. बुरशीला अँटिबायोटिकच्या थेंबांनी खतपाणीच मिळतं. आणि मधुमेह असलेल्या वयस्कर पेशंटला कानाचा ठणका रात्री झोपू देत नसेल, नळीच्या तळाशी लालसर मांसल कण दिसत असतील, तर तो साधा कानाचा जंतुसंसर्ग समजू नका. हा संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात उतरतो. त्याच दिवशी वरिष्ठांना दाखवा.

मळाबद्दल थोडं. कानाच्या नळीची कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने आपोआप सरकत असते आणि मळ बाहेर आणून टाकते. काडीवाला कापूस तो परत आत ढकलतो. पिचकारीने कान धुवायचा असेल तर आधी विचारा: कधी कान फुटला होता का, ऑपरेशन झालंय का? उत्तर हो असेल तर पिचकारी नको. पाणी शरीराच्या तापमानाचं, ३७ अंशांच्या आसपास हवं, आणि धार नळीच्या मागच्या-वरच्या भिंतीकडे. पाणी गार किंवा फार गरम असलं की पेशंट गरगरतो आणि डोळे एका लयीत हलायला लागतात. रॉबर्ट बारानीने कान धुताना नेमकं हेच पाहिलं, गार आणि गरम पाण्याने डोळे उलट दिशांना हलतात हे टिपलं, आणि त्यातून तोलाची तपासणी उभी राहिली. त्याला १९१४ चं नोबेल मिळालं. तुमच्या पेशंटवर हा प्रयोग नकळत होऊ देऊ नका.

कानात जिवंत किडा असेल तर आधी तेल घालून तो मारा, मग काढा. डाळ, बी असं काही असेल तर पाणी घालू नका, ते फुगून घट्ट बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कान दुखतोय, पण कान स्वच्छ, पडदा मोत्यासारखा. अशा वेळी "काही नाही, ठीक आहे" म्हणू नका. कानाला पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या मज्जातंतूंच्या फांद्या येतात, शिवाय मानेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नसेच्याही. म्हणजे दात, जबड्याचा सांधा, टॉन्सिल, जिभेचं मूळ, स्वरयंत्र, यांतलं काहीही कानात दुखू शकतं. एक पेशंट मला नेहमी आठवतात. पन्नाशीचे, उजवा कान कित्येक महिने दुखत होता, पिशवीत थेंबांच्या चार रिकाम्या बाटल्या. कानात काहीच नव्हतं. घशातही दिव्याने काही दिसलं नाही. मग हातमोजा घालून बोट जिभेच्या मुळावर फिरवलं, तेव्हा उजव्या बाजूला एक टणक, खडबडीत जागा लागली. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते बोटाला लागलं. बाटल्यांच्या त्या महिन्यांत कोणी एकदा तोंडात बोट घातलं असतं तर गाठ लहान असताना सापडली असती.

पायरी ४: ट्यूनिंग फोर्क, खिशात ठेवाच

५१२ हर्ट्झचा घ्या. कोपरावर किंवा गुडघ्यावर वाजवा, टेबलावर नको. आधी कपाळाच्या मधोमध टेकवून विचारा, "आवाज कुठे येतो? मध्ये, उजवीकडे, की डावीकडे?" ही वेबर चाचणी. मग दांडा कानामागच्या हाडावर आणि नंतर दाते कानासमोर धरून विचारा, "कुठे मोठा येतो?" ही रिने चाचणी. निरोगी कानाला समोर, म्हणजे हवेतून, मोठा येतो. मळ, पाणी किंवा पडद्याला भोक असेल तर हाडावर मोठा येतो आणि वेबरचा आवाज त्याच आजारी कानाकडे जातो. मज्जातंतू किंवा आतला कान बिघडला असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. एक फसगत लक्षात ठेवा: एक कान पूर्ण बहिरा असेल तर हाडावर ठेवलेला आवाज कवटीतून पलीकडच्या कानाला ऐकू जातो आणि पेशंट "हाडावर मोठा" असंच सांगतो. तेव्हा वेबर तुम्हाला वाचवतो.

या चाचणीला एक मिनिट लागतं, आणि त्या मिनिटावर एखाद्याचा कान अवलंबून असू शकतो. सकाळी उठल्यावर एका कानाला दडा बसल्यासारखं वाटतंय अशी तक्रार घेऊन पेशंट येतो. पडदा ठीक दिसतो. सर्दीमुळे असेल म्हणून थेंब आणि गोळ्या दिल्या जातात. वेबर चांगल्या कानाकडे गेला तर तो दडा नाही. ते अचानक आलेलं मज्जातंतूचं बहिरेपण आहे. व्याख्येनुसार तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रीक्वेन्सींवर किमान ३० डेसिबलची घट. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितका लवकर तितका जास्त. त्याच दिवशी ऑडिओग्राम करून घ्या. तीन आठवडे गोळ्या खाऊन मग आलेला पेशंट बघणं फार वाईट वाटतं, कारण तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं.

तान्ह्या बाळाला ट्यूनिंग फोर्क चालत नाही, हे उघड आहे. तिथे ओएई आणि बेरा, म्हणजे बाळाने उत्तर न देताही यंत्राने करता येणाऱ्या श्रवणचाचण्या. चाळणी चाचणी पहिल्या महिन्यात, पक्कं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, उपचार सहाव्या महिन्यापर्यंत. "मुलगे उशिराच बोलतात" असं सांगून पालकांना परत पाठवू नका. बोलणं उशिरा येत असेल तर ऐकणं तपासायलाच हवं.

चक्कर आली तर

आधी शब्द नीट करून घ्या. "चक्कर" म्हणजे खोली फिरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, की चालताना तोल जाणं? फिरत असेल तर किती वेळ, हे विचारा. कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद गरगरतं, तर बहुधा कानातले बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेलेत. पेशंटचं डोकं ४५ अंश वळवून त्याला पटकन उताणं झोपवा, डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं ठेवा, आणि डोळ्यांकडे बघत राहा. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी. दोन-चार सेकंद काही होत नाही, मग डोळे फिरायला लागतात आणि एका मिनिटाच्या आत थांबतात. पुष्कळ जण ते दोन-चार सेकंद न थांबताच पेशंटला उठवतात. चाचणी जुळली तर लगेच तिथेच एप्लीची हालचाल करा, म्हणजे डोकं टप्प्याटप्प्याने वळवून ते कण जागेवर आणा. औषधाशिवाय, पाच मिनिटांत, पेशंट बरा होऊन उठतो असं या विषयात फार कमी वेळा घडतं.

पण गरगर अखंड चालू आहे, आधाराशिवाय उभं राहता येत नाही, बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतात किंवा डोळे वर-खाली हलतात, असं असेल तर कान सोडा आणि मेंदूच्या रक्तवाहिनीचा विचार करा. ताबडतोब.

पायरी ५: नाक

हत्यार घालण्याआधी थंड धातूचा टंग डिप्रेसर (जीभ दाबायची पट्टी) नाकपुड्यांखाली धरा आणि श्वास सोडायला सांगा. दोन्हीकडे सारखं धुकं पडायला हवं. मग अंगठ्याने नाकाचा शेंडा वर उचलून बघा. मुलांमध्ये एवढंच बऱ्याचदा पुरतं. स्पेक्युलम (नाकपुडी उघडून धरायचं हत्यार) घातलात तर तो मधल्या पडद्याला टोचू देऊ नका.

नवख्यांची ठरलेली चूक इथे होते. बाहेरच्या भिंतीवरचा खालचा टर्बिनेट, म्हणजे तिथला नेहमीचाच मांसल उंचवटा, सुजलेला असतो आणि त्याला पॉलिप (नाकात वाढलेला मऊ कोंब) म्हटलं जातं. प्रोबने हलकेच स्पर्श करा. टर्बिनेट गुलाबी असतो, दुखतो, भिंतीला घट्ट जोडलेला असतो. पॉलिप फिकट, सोललेल्या द्राक्षासारखा, त्याला स्पर्श कळत नाही आणि प्रोब त्याच्या सगळ्या बाजूंनी फिरतो. दोन्हीकडे पॉलिप असतील तर बहुधा ॲलर्जी-दाहाचे. दमा आहे का ते विचारा. एकाच बाजूला असेल तर सीटी स्कॅन होईपर्यंत चिमट्याला हात लावू नका. लहान बाळात तो मेंदूच्या आवरणाचा खाली उतरलेला भाग असू शकतो. किशोरवयीन मुलाला वारंवार घोळणा फुटत असेल आणि मागे लाल गाठ असेल तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिचा तुकडा काढायला गेलात तर रक्त थांबवणं कठीण जाईल.

मुलाच्या नाकात काही अडकलं असेल तर पहिला प्रयत्नच सगळ्यात चांगला असतो, म्हणून तो विचार करून करा. गोल मणी चिमट्याने धरू नका. निसटून मागे आणि मग श्वासनलिकेत जाऊ शकतो. वाकवलेला हुक मण्याच्या वरून मागे न्या आणि पुढे ओढा. त्याआधी आईला सांगून बघा: मुलाची मोकळी नाकपुडी बंद करायची, तोंडाला तोंड लावून एक छोटी फुंकर मारायची. पुष्कळदा वस्तू आईच्या गालावर येऊन पडते. मात्र बटणाएवढी बॅटरी असण्याची शंका आली तर मिनिटंही घालवू नका. ओल्या कातडीवर तिच्यातून विद्युतप्रवाह वाहतो, अल्कली तयार होतं आणि ऊतक जळत जातं. नाकात पडद्याला भोक पडतं. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच गंभीर इजा सुरू होऊ शकते. अशा नाकात किंवा कानात थेंब घालू नका, ओलाव्याने जळणं वाढतं.

सायनसबद्दल फार लिहीत नाही. सर्दीचे पहिले दहा दिवस विषाणूचे असतात आणि पिवळा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक हा हिशेब चुकीचा आहे. दहा दिवसांनंतरही उतार नाही, किंवा बरं होता होता पुन्हा ताप आणि ठणका वाढला, तर जिवाणूंचा विचार करा. त्यातच डोळ्याभोवती सूज आली तर पेशंट घरी जाणार नाही. नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या वर देऊ नका, सवय लागते आणि नाक त्यांच्याशिवाय उघडत नाही.

घोळणा फुटला

डोकं मागे करायचं नाही. पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, आणि १० ते १५ मिनिटं सलग. मध्ये सोडून "थांबलं का" बघायचं नाही. वरचा हाडाचा भाग दाबून काही होत नाही, कारण बहुतेक रक्त मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून येतं. घशात आलेलं रक्त थुंकायला सांगा. गिळलं की उलटी होते. दाबूनही थांबत नसेल, मागून घशात धार येत असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पॅकिंगची (नाकात पट्टी भरून रक्त दाबण्याची) तयारी करून वरिष्ठांना बोलवा.

नाकावर मार लागून आलेल्या प्रत्येकाच्या, विशेषतः मुलाच्या, मधल्या पडद्याला बोट किंवा कापसाची काडी लावून बघा. दोन्ही बाजूंना मऊ, फुगीर, जांभळट गोळा लागला तर आत रक्त साठलंय. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आवरणातूनच पोषण मिळतं. रक्ताने ते आवरण उचललं गेलं की एक-दोन दिवसांत कूर्चा मरायला लागते आणि पुढे नाक खोगिरासारखं खचतं. त्याच दिवशी निचरा करायला हवा.

पायरी ६: घसा आणि मान

टंग डिप्रेसर जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागावर ठेवा. मागे गेलात की उबळ येते. जीभ तोंडातच ठेवायला सांगा. टॉन्सिल बघण्याआधी गालांची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा बघा. तीन आठवड्यांच्या वर न भरणारा व्रण, विशेषतः न दुखणारा, दिसला तर मलम देऊ नका, तुकडा तपासायला पाठवा.

घसा दुखतोय: ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत, मानेत पुढे दुखऱ्या गाठी आहेत आणि खोकला नाही, असं चारही जुळलं तर स्ट्रेप्टोकॉकसची शक्यता वाढते. एखादंच जुळत असेल तर बहुधा विषाणू, आणि अँटिबायोटिकने त्याचं काही वाकडं होत नाही. तोंड पुरतं उघडत नाही, आवाज तोंडात घास असल्यासारखा, पडजीभ एका बाजूला ढकललेली: टॉन्सिलच्या बाजूला पू झालाय, तो काढायला हवा. टॉन्सिल काढायचे का, हे पालक पहिल्याच भेटीत विचारतात. वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा नोंदवलेला आजार, असा हिशेब त्यांना सांगा. घोरताना श्वास अडकत असेल तर तो वेगळा मुद्दा आहे.

तीन आठवड्यांहून जास्त घोगरा आवाज असेल तर स्वरयंत्र बघितलंच पाहिजे. त्याआधी आम्लपित्ताच्या गोळ्यांचा महिना उलटवू नका. मान पेशंटच्या मागे उभं राहून, दोन्ही हातांच्या बोटांनी, ठरलेल्या क्रमाने तपासा. मोठ्या माणसाच्या मानेत टणक गाठ लागली तर आधी तोंड, घसा, नासाग्रसनी, स्वरयंत्र सगळं बघा, मग सुईने तपासणी. थेट कापून गाठ काढणं हे पहिलं पाऊल नव्हे. मूळ दुखणं वर कुठेतरी असेल तर पुढचे उपचार अवघड होतात.

एका पेशंटच्या घशात मात्र काहीच घालायचं नाही. मूल पुढे झुकून बसलंय, लाळ गळतेय, गिळत नाही, श्वास घेताना घरघर येतेय. जीभ दाबू नका, आडवं करू नका, रडवू नका. आईच्या मांडीवर तसंच ठेवा, जवळ ऑक्सिजन धरा आणि भूलतज्ज्ञांना बोलवा.

पायरी ७: लिहिणं आणि दाखवणं

बाजू पूर्ण लिहा: "उजवा कान", "डावी नाकपुडी". एका अक्षरात लिहू नका. जे बघितलं नाही तिथे "दिसलं नाही, कारण मळ" असं लिहा. "नॉर्मल" लिहिलेला कान प्रत्यक्षात कोणीच बघितलेला नव्हता, असे कागद मी फार पाहिले आहेत.

औषध लिहिल्यावर ते कसं घ्यायचं हे करून दाखवा. कानाचे थेंब घातल्यावर काही मिनिटं कूस बदलायची नाही, आणि बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, नाहीतर गरगरतं. नाकाचा स्प्रे उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने. मान किंचित खाली, टोक मधल्या पडद्यापासून बाहेर, डोळ्याच्या बाजूला वळलेलं, आणि जोरात ओढायचं नाही. मग बाटली पेशंटच्या हातात द्या आणि म्हणा, "आता तुम्ही करून दाखवा." बहुतेक जण मान मागे टाकतात आणि जोरात हुंगतात. तिथेच थांबवून पुन्हा करून घ्या, आणि मगच पुढची तारीख लिहा.